बिगुलाची कळ

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, एनसीसीच्या शिबिरात किंवा हुतात्मा स्मारकापाशी मानवंदना देताना बिगूल वाजतो. जवळून पाहणाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात येते: वाजवणाऱ्याची बोटे हलतच नाहीत. बासरीसारखी भोके नाहीत, पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. पितळेची एक गुंडाळलेली नळी, एका टोकाला ओठ आणि दुसऱ्या टोकाला कर्णा, एवढाच सगळा पसारा. तरी सूर वर चढतो आणि खाली उतरतो. ते सूर येतात कुठून? आणि इतके मोजकेच का?

या मोजक्या सुरांवर अमेरिकेत एक अख्खी कला उभी राहिली. तिचे नाव ‘ड्रम अँड बिगूल कोअर’. कोअर म्हणजे पथक. उन्हाळ्याच्या रात्री फुटबॉलच्या मैदानावर शे-दीडशे तरुण पोरे पितळी वाद्ये, ड्रम आणि निशाणे घेऊन उतरतात आणि चालत, पळत, आकृत्या रचत दहा-बारा मिनिटांचा खेळ सादर करतात. सनई-बासरीच्या जातीच्या लाकडी फुंकवाद्यांना इथे जागा नाही.

प्रेक्षकांत साठी-सत्तरी ओलांडलेले माजी वादकही असतात. आजच्या पोरांचे कौशल्य पाहून ते थक्क होतात, टाळ्याही वाजवतात. तरी त्यांच्यातल्या अनेकांना वाटते की आपले काहीतरी हरवले. ते काय हरवले याचा माग एका कळीत, काठी धरण्याच्या एका पद्धतीत आणि परीक्षकाच्या एका कागदात लागतो.

पाचच सूर का?

कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला बांधून दुसरे टोक हाताने हलवले, तर सावकाश हलवताना दोरीचा एकच मोठा झोका होतो. हात जलद केला की दोन फुगवटे दिसतात, आणखी जलद केला की तीन. अडीच फुगवटे मात्र काही केल्या होत नाहीत. दोरीला पूर्ण आकडेच मानवतात.

बिगुलाच्या नळीतल्या हवेचेही असेच आहे. ओठ थरथरतात, हवा हलते आणि ठरावीक वेगांनाच नळी साथ देते. ओठ आवळले की हवा पुढच्या पायरीवर उडी मारते. मधल्या जागी तिला थांबता येत नाही.

या पायऱ्या सरगमीत मांडल्या तर बिगुलाच्या नेहमीच्या वापरातले सूर असे येतात: सा, प, वरचा सा, ग आणि वरचा प. सूर पाच, पण नावे तीनच. रे, म, ध, नी या पायऱ्यांत सापडत नाहीत. सैन्याच्या साऱ्या बिगूल-हाका, सकाळी उठवणारी असो वा हुतात्म्यांना निरोप देणारी, याच पाच पायऱ्यांवर चढतात-उतरतात. म्हणून तर त्या एकमेकींच्या बहिणी वाटतात.

युद्धातून उरलेले पितळ

पहिले महायुद्ध संपले, अमेरिकी सैनिक घरी परतले आणि १९१९मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही माजी सैनिकांची संघटना उभी राहिली. सैन्याकडे बिगूल आणि ड्रम शिल्लक होते, ते वाजवू शकणारी माणसे होती आणि गावोगावी संघटनेच्या शाखा होत्या. पथके निघायला आणखी काही लागले नाही. माजी सैनिकांपाठोपाठ त्यांची मुले आली. चर्च, स्काउट संघ, पोलीस यांनीही पथके काढली.

न्यू जर्सीतल्या गारफिल्ड गावी १९३४मध्ये होली नेम चर्चच्या आश्रयाने मुलांचे पथक सुरू झाले. पुढे ते ‘गारफिल्ड कॅडेट्स’ आणि नंतर नुसते ‘द कॅडेट्स’ म्हणून गाजले. विस्कॉन्सिनमध्ये १९३८मध्ये ‘मॅडिसन स्काउट्स’ निघाले, शिकागोत १९४८मध्ये डॉन वॉरन यांनी स्काउट मुलांतून ‘कॅव्हेलिअर्स’ उभे केले. वायोमिंगमधल्या कॅस्पर गावी जिम जोन्स यांनी १९५७मध्ये ‘ट्रूपर्स’ काढले. जुन्या अमेरिकी घोडदळाचा निळा गणवेश आणि सूर्याच्या किरणांसारखी फाकत जाणारी त्यांची रचना आजही ओळखीची आहे.

ही पथके गल्लीतली होती. शाळा सुटली की मुलगा चालत सरावाला जायचा. शेजारचा मोठा पोरगा वाजवायला शिकवायचा, कुणाची आई गणवेश शिवायची, आणि ४ जुलैच्या मिरवणुकीत सगळे गाव रस्त्याच्या कडेला उभे असायचे. गणपतीत आपल्या पेठेचे ढोल-ताशा पथक चौकात आले की जो अभिमान दाटतो, तोच तिथे दाटत असे.

कळ बसली, सूर वाढले

पाच सुरांत हाका वाजवता येतात, गाणी जेमतेम. मग साधारण १९३०च्या सुमारास बिगुलाला एक आडवी कळ बसली. इंग्रजीत तिला व्हॉल्व्ह म्हणतात.

ही कळ कशी चालते ते शेतात पाणी देणाऱ्याला लगेच कळेल. पाटाचे एक दार लावून दुसरे उघडले की पाणी सरळ न जाता बाजूच्या दांडातून वळसा घेते. कळ दाबली की नळीतली हवा असाच वळसा घेते. वाट लांबते, सूर उतरतो. बिगुलाच्या पहिल्या कळीने नळी एकतृतीयांशाने लांब होई आणि सगळे सूर ‘सा’वरून खालच्या ‘प’पर्यंतच्या अंतराइतके उतरत.

गंमत पुढे आहे. लांब झालेल्या नळीलाही तिच्या स्वतःच्या पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांतून प मिळतोच, शिवाय नी आणि रे हेही मिळतात. एका कळीने तीनाचे पाच स्वर झाले. म आणि ध तेवढे राहिले.

नियमाने कळ एकच. मग नळी जुळवण्यासाठी पुढे-मागे सरकणाऱ्या भागात एक छोटी फिरती कळ बसवण्याची युक्ती निघाली आणि १९५०-६०च्या दशकांत ती रुळली. हवेची वाट पूर्ण एका स्वराने लांबवणारी फिरती कळ घेतली तर तिच्यातून म मिळतो आणि दोन्ही कळा एकदम दाबल्या की ध. सरगम पुरी झाली. मात्र काही सूर किंचित चढे तर काही उतरे लागत. ओठांनी ते ओढूनताणून जागेवर आणावे लागत. साठ जण एकाच वेळी ही ओढाताण करत तेव्हा जो जाड, खरखरीत, अंगावर येणारा नाद उठे, त्याला जुने श्रोते अजून विसरलेले नाहीत.

त्यात बिगूल जी सुराचा. शाळेच्या बँडमधला ट्रम्पेट बी-फ्लॅटचा असतो. त्याच्यापेक्षा जी बिगुलाची नळी साधारण एकपंचमांशाने लांब, म्हणून आवाज अधिक गडद.

चुका मोजणारा कागद

पथकांच्या स्पर्धा होत आणि गुण देण्याची पद्धत विलक्षण होती. वादनातल्या आणि चालण्यातल्या अचूकतेचे पूर्ण गुण सुरुवातीलाच हातात पडत. मग परीक्षक फळीला कागद लावून थेट मैदानात शिरत, वादकांच्या रांगांमधून फिरत. काठी चुकीच्या क्षणी पडली की कागदावर एक टिंब, पाय रांगेबाहेर गेला की दुसरे. प्रत्येक टिंबामागे एकदशांश गुण कमी.

शाळेत शुद्धलेखन तपासताना असेच होते. दर चुकीला अर्धा गुण कापायचा ठरला की हुशार मुलगासुद्धा अवघड शब्द टाळतो. पथकांनीही तेच केले. चालणे सैनिकी, रचना मैदानाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी, संगीत पेलेल इतकेच अवघड. पण जे केले ते घोटून घोटून लखलखीत केले. जुन्या माणसांच्या मनातली ती तलवारीसारखी सरळ रांग निम्मी या कागदाने घडवली.

स्पर्धांचे नियम माजी सैनिकांच्या संघटना ठरवत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात वाढलेल्या पिढीला ते काचू लागले. १९७१मध्ये मॅडिसन स्काउट्सनी ‘ॲलिस इन वंडरलँड’ची गोष्ट मैदानावर आणली, कॅव्हेलिअर्सनी सर्कस मांडली, आणि गारफिल्डच्या कॅडेट्सनी युद्धविरोधी कार्यक्रम करताना स्वतः उभे राहून शांततेचे चिन्ह रेखले. जे रूप सैन्याच्या संचलनातून जन्मले, त्यातूनच ‘युद्ध नको’ म्हटले गेले.

पथकांनी त्याच सुमारास एकत्र येऊन ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संस्था स्थापली. डॉन वॉरन आणि जिम जोन्स हे त्यात पुढे होते. १९७२मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ‘अनाहाइम किंग्जमेन’नी ती जिंकली.

टिंबांचा कागद १९८४च्या हंगामापासून गेला. आता शून्यापासून वर चढायचे होते: काय करायला घेतले आणि ते किती साधले, दोन्हींचे गुण. वर्षभर आधीच गारफिल्ड कॅडेट्सनी जॉर्ज झिंगाली यांच्या रचनांच्या जोरावर पहिले अजिंक्यपद मिळवले होते. त्या रचनांत आरसा नव्हता. माणसांचे पुंजके वाहत्या पाण्यासारखे एकमेकांतून जात, फाटत आणि पुन्हा मिळत. नव्या गुणपद्धतीने असे धाडस परवडण्याजोगे केले. सरळ रांग तेव्हापासून वाकू लागली.

डावा हात विसरत नाही

छोटा कर्कश ड्रम, म्हणजे स्नेअर, वाजवणाऱ्याचे हात नीट पाहावेत. अनेक पथकांत उजव्या हाताची काठी हातोडीसारखी वरून धरलेली दिसते. डाव्या हाताची मात्र तळवा वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात. दोन हातांत दोन तऱ्हा का?

पूर्वी ड्रम खांद्यावरून आलेल्या पट्ट्याला टांगलेला असे. चालताना तो पायाच्या बाजूला कलंडे आणि त्याचा डावा काठ वर येई. त्या काठावरून काठी नेण्यासाठी डावा हात उपडा न ठेवता उताणा ठेवणे भाग होते. आज ड्रम छातीवरच्या सापळ्यात सपाट बसतो, कलंडत नाही. कारण गेले, तरी हात तसाच राहिला. पट्ट्याचा ड्रम कधी पाहिलाही नाही अशी विशीतली मुले तीच पकड महिनोन् महिने घोटतात.

कातडे मात्र बदलले. वासराच्या कातड्याचा ड्रम ओल्या हवेत सैलावतो. हलगी वाजवण्याआधी ती शेकून का घेतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्लॅस्टिकचे पडदे आले आणि पावसाची भीती गेली. १९८०च्या दशकाच्या शेवटी केव्लार आले, गोळी अडवणाऱ्या जाकिटातला धागा. तो इतका ताणता येतो की काठीचा प्रत्येक ठोका सुपारी फुटावी तसा सुटा ऐकू येतो. जुन्या कातड्याची घुमणारी ऊब त्याबरोबर गेली.

शंभर यार्डांचा घोळ

वानखेडेवर वरच्या मजल्यावर बसले की फलंदाजाची बॅट आधी फिरते आणि ‘टॉक’ मागाहून ऐकू येते. प्रकाश क्षणात पोहोचतो, ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो.

अमेरिकी फुटबॉलचे मैदान दोन गोलरेषांमध्ये शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटर. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला सेकंदाचा पाव भाग आणि थोडे वर लागते. मिनिटाला १८० ठोक्यांची लय असेल तर दोन ठोक्यांतले अंतर सेकंदाचा तिसरा हिस्सा. म्हणजे कानावर भरवसा ठेवून वाजवणारा जवळजवळ अख्खा ठोका मागे पडेल!

यावरची रीत अशी. मैदानात मागे असलेले डोळ्यांनी वाजवतात, समोरच्या संचालकाच्या हाताकडे बघून. सर्वांत पुढे जमिनीवर मांडलेल्या वाद्यांचे वादक मात्र संचालकाकडे न पाहता मागून येणाऱ्या आवाजावर ठोका टाकतात. मागचा आवाज त्यांच्यापाशी पोहोचतो, त्यांचा त्यात मिसळतो आणि दोन्ही एकत्रच प्रेक्षकांकडे जातात.

जुन्या प्रेक्षकांचा लाडका क्षणही याच ध्वनिशास्त्रावर उभा आहे. सगळे पथक मैदानभर एका रांगेत येते, कर्णे थेट प्रेक्षकांवर रोखले जातात आणि रांग वाजवत चालून येते. पितळी वाद्याचे खालचे सूर चहूकडे पसरतात, पण वरचे चकाकते स्वरांश बॅटरीच्या झोतासारखे कर्ण्याच्या दिशेने जातात. म्हणून रांग वळताक्षणी आवाज मोठा होतो आणि एकदम उजळतोही. नुसती माणसे वाढवून हे साधत नाही, कारण वादक दहापट केले तरी कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. सारे कर्णे एका दिशेला रोखणे म्हणूनच मोलाचे.

बिगूल गेला

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन उभ्या कळांचे बिगूल आले, १९९०मध्ये तीन कळांचे. तीन कळा म्हणजे ट्रम्पेटइतकेच सूर. त्या एकेकट्या आणि मिळून दाबल्या की शून्यापासून सहा अर्धस्वरांपर्यंत कुठेही उतरता येते आणि ‘सा’ ते ‘प’मधली पोकळी पूर्ण भरते.

मग २०००च्या हंगामापासून कोणत्याही सुराच्या वाद्यांना परवानगी मिळाली. जी बिगूल फक्त या पथकांसाठी बनत. बनवणारे मोजके आणि हंगामानंतर ते विकायचे तर शाळांना त्यांचा उपयोग नाही. पथकात येणारी मुले शाळेच्या बँडमध्ये बी-फ्लॅटच्या वाद्यांवर तयार झालेली. त्याच जातीची वाद्ये घेतली की शिकवणे सोपे आणि हंगाम संपल्यावर विक्रीही. काही वर्षांत आघाडीच्या पथकांतून जी बिगूल जवळजवळ नाहीसे झाले. नावात तेवढा बिगूल राहिला.

२००४मध्ये माइक आले, २००९मध्ये सिंथेसायझरसारखी इलेक्ट्रॉनिक वाद्ये, २०१४मध्ये ट्रॉम्बोनलाही दार उघडले. २०१६मध्ये ओहायोच्या ‘ब्लूकोट्स’नी तुऱ्याच्या टोप्या आणि सैनिकी अंगरखे बाजूला ठेवून, नर्तकांसारख्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पांढऱ्या वेशात पहिले अजिंक्यपद जिंकले.

यातून उत्तम गोष्टीही निघाल्या. १९९१चे विजेते ‘स्टार ऑफ इंडियाना’ स्पर्धेतून बाहेर पडले आणि त्यांच्यातून घडलेला ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय कार्यक्रम लंडनहून ब्रॉडवेवर गेला. २००१मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. आजचा वीस वर्षांचा वादक पळता पळता जे वाजवतो, ते १९६०च्या पथकाला उभ्याने जमले नसते.

पण पथक गल्लीतून उठले. देशभर फिरायचे तर बस हव्या, इंधन हवे, शिक्षक हवेत. छोटी पथके शेकड्यांनी मिटली. मॅसॅच्युसेट्समधल्या रिव्हिअरचे ‘२७थ लान्सर्स’ १९८०च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात वाजले आणि ते दशक संपण्याआधी थांबले. दहा अजिंक्यपदे मिळवलेले कॅडेट्ससुद्धा नव्वदाव्या वर्षी, २०२४मध्ये बंद झाले. आज आघाडीच्या पथकात निवड चाचणी देऊन, हजारो डॉलर शुल्क भरून देशभरातली मुले येतात आणि उन्हाळाभर शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात. त्यांचे प्रेम कमी नाही. फक्त सरावाला चालत जाता येत नाही.

हुरहूर देहातली

गेल्या दिवसांच्या ओढीला आज वापरतात तो ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलमध्ये १६८८च्या प्रबंधात दिला. परमुलखात झुरणाऱ्या स्विस माणसांच्या घरओढीचा तो आजार म्हणून विचार करत होता. आज मानसशास्त्रज्ञ तिला आजार मानत नाहीत. उतारवयात आयुष्य आठवायला सांगितले की किशोरवय आणि विशी-पंचविशीतल्या आठवणी सर्वांत दाट येतात, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसले आहे. तरुणांच्या पथकांतली वयोमर्यादा नेमकी या काळाशी जुळते: एकविशी-बाविशी गाठली की बाहेर. दार बंद होते तेच आठवणी सर्वांत खोल रुजण्याच्या वयात.

दुसरे कारण पायांत आहे. इतिहासकार विल्यम मॅकनील १९४१मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झाले. तासन् तास कवायत करताना आपल्याला एक अकारण, भरून येणारा आनंद होत होता, हे ते पन्नास वर्षांनीही विसरले नव्हते. १९९५मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. एका तालावर एकत्र हलणाऱ्या माणसांमध्ये स्नायूंतून नाते जुळते, असे त्यांचे म्हणणे. वारीत टाळाच्या ठेक्यावर पावली खेळलेल्या किंवा शाळेत लेझीम धरलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

| थोडक्यात: काय बदलले, का बदलले |
|---|
| सूर: कळ नसलेला बिगूल → एक आडवी कळ (सु. १९३०) → जोडीला फिरती कळ → दोन कळा → तीन कळा (१९९०) → कोणत्याही सुराचे पितळी वाद्य (२०००). कारण: अधिक सूर, कमी खर्च. |
| गुण: चुकीला वजाबाकी → १९८४पासून धाडस आणि यश यांची बेरीज. परिणाम: सरळ रांगेऐवजी वाहत्या रचना. |
| ड्रम: कातडे → प्लॅस्टिक → केव्लार. पकड मात्र जुनीच. |
| माणसे: गल्लीतली मुले → देशभरातून निवडलेले वादक. |

पुन्हा आडवी कळ

ही ओढ काही जणांनी कामाला लावली आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात माजी वादकांची पथके आहेत. न्यू जर्सीतल्या ‘हॉथॉर्न कॅबालेरोस’सारख्या १९४६च्या जुन्या पथकाचेही असे माजी वादकांचे पथक निघाले. वयाची अट न ठेवणाऱ्या पथकांसाठी १९६०च्या दशकापासून वेगळी संघटना होती. २०२४पासून त्यांची स्पर्धा ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या छत्राखाली एक स्वतंत्र गट म्हणून होते.

माजी वादकांच्या काही पथकांत अजून जुने जी बिगूल निघतात. माळ्यावरून काढलेले, घासून चकाकवलेले, कुठे पोचा आलेले. चालणे आता बेताचे, बरेचदा उभ्यानेच वादन. उजव्या हाताचा अंगठा आडव्या कळीवर जातो. पन्नास वर्षांपूर्वी कोणत्या सुराला ती कळ कडवी लागे आणि ओठ किती आवळावे लागत, ते अंगठ्याला आणि ओठांना आपसूक आठवते. सुरुवातीचा सूर जरा उतरा लागतो. मग शेजारचा आपला सूर किंचित खाली घेतो, त्याच्या पलीकडचाही घेतो, आणि रांगभर तो जाड, गडद नाद पुन्हा जुळून येतो.